पौषातली हक्काची रजा

पौष लागला की मी खांदे आवळून चालू लागतो. मी इथला हेडक्लार्क, तर कचेरीतली माणसं म्हणतात, बडे बाबूंना थंडी सोसत नाही. मी मान डोलावतो आणि मफलरचा आणखी एक वेढा घेतो. खरं म्हणजे थंडीचं मला काही नाही. पंचेचाळिशी उलटली तरी मी पहाटे गार पाण्यानं आंघोळ करतो. मला भीती वाटते ती पौषातल्या सकाळची, त्यातही नऊ ते अकरा या वेळेची. त्या दोन तासांत कुणी मागून नुसतं खाकरलं तरी मी दचकतो.

यंदाही पौष आलाच. शनवारा वेशीपासून कापसाच्या गाड्यांची रांग लागली आहे. बैल उभ्या उभ्या रवंथ करताहेत, गाडीवान घोंगड्यात गुरफटून बिड्या ओढताहेत, आणि जिनिंगमधून उडालेला कापूस बाभळींवर, कौलांवर, रस्त्यानं जाणाऱ्या बायकांच्या केसांवर बसला आहे. हलवायाच्या कढईतून माव्याच्या जिलब्या निघताहेत आणि त्यांचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत येतो. घाटावर जावं तर तापी दिसतच नाही. नुसतं धुकं दिसतं, आणि धुक्याच्या वर पलीकडच्या जैनाबादच्या झाडांचे शेंडे. इतकं देखणं सगळं, पण माझे पाय तिथं ठरत नाहीत. त्यातून यंदा आमची थोरली लेक सुभद्रा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे. तिचा स्वतःचा जन्मही पौषातलाच.

त्या पौषात मी चोवीस वर्षांचा होतो आणि इथल्या एका सरकारी कचेरीत नक्कलनवीस होतो. कोणत्या कचेरीत ते सांगत नाही, अजून तिचंच मीठ खातो आहे. जुन्या कागदांच्या नकला करून द्यायच्या, एवढंच काम. दहाचे ठोके पडायच्या आत खुर्चीत बसायचं आणि दिवस मावळेपर्यंत मान वर करायची नाही. मला ते काम आवडायचं. दुसऱ्यानं लिहिलेलं पुन्हा लिहायचं असलं की आपल्याला कसला निर्णय घ्यावा लागत नाही, आणि निर्णय घ्यायला मी लहानपणापासून भितो.

कचेरीच्या ओसरीत तेव्हा उमेदवार बसत. आजही बसतात. उमेदवार म्हणजे बिनपगारी माणूस. तो रोज दहाला येतो, कारकुनांचं उरलंसुरलं काम फुकट करतो, बडे बाबूंना पान आणून देतो आणि आतली एखादी खुर्ची रिकामी व्हायची वाट बघतो. कुणी मरेल, कुणाची बदली होईल, कुणी रजेवर जाईल. मरण आणि बदली काही सांगून येत नाही, म्हणून त्यांचा सगळा जीव रजेवर टांगलेला. आत बसून लिहिताना आपल्या पाठीवर त्यांची नजर आहे हे सारखं जाणवायचं. कुणी शिंकलं तरी ओसरीत चार माना वळायच्या.

मला हे पक्कं ठाऊक होतं, कारण मी स्वतः दोन वर्षं त्या ओसरीत मान वळवत बसलो होतो. विष्णुपंत नावाचे एक कारकून म्हाताऱ्या वडिलांना नाशिकला घेऊन तीन आठवड्यांच्या रजेवर गेले आणि त्यांची खुर्ची मला मिळाली, तात्पुरती. माझं अक्षर मोत्यासारखं, आणि मी अकराच्या जागी पंधरा पानं उतरवायचो. विष्णुपंत परत आले तेव्हा बडे बाबू त्यांना हसत म्हणाले, "अहो, तुमच्यावाचून काहीच अडलं नाही." बस, तेवढंच. दोन महिन्यांत विष्णुपंतांची हरसूदला बदली झाली आणि मी खुर्चीत राहिलो. जाताना त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवून "सांभाळून रहा" म्हटलं होतं. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

तेव्हाचे बडे बाबू म्हणजे गोविंदराव. वीस वर्षांत त्यांनी एका दिवसाची रजा घेतली नव्हती. हे ते प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगत. मुलीचं लग्न लागल्यावर पंगत बसायच्या आत ते कचेरीत येऊन सह्या करून गेले होते, कपाळावरच्या अक्षता तशाच. ही गोष्ट सांगताना त्यांचा ऊर भरून यायचा, आणि ऐकणाऱ्यांचाही. मलाही तेव्हा ती मोठेपणाची वाटली होती. त्या पंगतीत त्यांच्या मुलीला काय वाटलं असेल, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

हक्काची रजा कायद्यात होती. अकरा महिने नोकरी भरली की एक महिना, पूर्ण पगारी, सरकारनंच दिलेली. पण आमच्या कचेरीत ती कुणी मागत नसे. मागायचीच वेळ आली तर आजारपणाची मागायची, मयताची मागायची. अर्जात कुणीतरी अंथरुणाला खिळलेलं लागायचंच. धडधाकट माणसानं नुसतं 'माझ्या हक्काची आहे' म्हणून ती मागणं म्हणजे पंगतीत बसून वाढप्याच्या हातातलं पातेलं ओढण्यासारखं. त्यामुळे आमच्या कचेरीत आजोबा, मामा, चुलत्या यांचे फार हाल होत. एका कारकुनाची आत्या तीन वर्षांत दोनदा वारली, आणि दोन्ही वेळा आम्ही सगळे त्याला भेटायला गेलो.

माझी बायको यमुना, जैनाबादच्या शेतकऱ्याची लेक. तिचं पहिलं मूल दोन वर्षांपूर्वी गेलं होतं. ते झालं तिच्या माहेरी, आणि मी नदीच्या अलीकडे नकला करत होतो. निरोप संध्याकाळी आला, मी दुसऱ्या दिवशी पोचलो. तोवर सगळं आटोपलं होतं. दुसऱ्यांदा दिवस भरत आले तशी ती माहेरी जाण्याच्या आदल्या दिवशी माझ्यासमोर येऊन बसली. ती कधी काही मागायची नाही, म्हणून मी आधीच घाबरलो.

"मागल्या टाइमाले तुम्ही आले तवा माती देऊन झाली व्हती," ती म्हणाली. "तुम्ही त्याचं तोंड बी नाही पाह्यलं. या टाइमाले मले लई भेव लागते."

"सुईण आहे, तुझी आई आहे. मी येऊन काय करणार?"

"काही नका करू. खोलीत बी येऊ नका. नुसते अंगणात बसा. मले ठाऊक पाहिजे का तुम्ही तिथं हाय."

मी हो म्हटलं. त्या वेळी मनापासून म्हटलं होतं, एवढं तरी मला माझ्या बाजूनं सांगू द्या.

गोविंदरावांच्या मेजापाशी मी लागोपाठ तीन दिवस गेलो आणि तीनही दिवस शाई मागून परत आलो. चौथ्या दिवशी त्यांनीच विचारलं, "क्या बात है? एवढी शाई पिता काय?" मग मी सांगितलं, बायकोच्या बाळंतपणासाठी पंधरा दिवसांची रजा हवी. त्यांनी लेखणी खाली ठेवली.

"बाळंतपण बायकोचं, आणि रजा तुम्हाला?"

सगळी कचेरी हसली. मीही हसलो. भिणाऱ्या माणसाला आपल्यावरच हसण्याची फार घाई असते.

"बरं, मग लिहा, आई आजारी आहे."

"आई नाही मला."

"मग वडील?"

"वडील ठणठणीत आहेत."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "फिर तो मुश्किल है," ते म्हणाले, आणि खरंच त्यांना माझी अडचण वाटत होती. शेवटी म्हणाले, "घ्या बापडे. हक्काची आहे, मी कोण अडवणारा? रामलाल बसेल तुमच्या जागेवर. अक्षर छान आहे त्याचं."

शेवटचं वाक्य त्यांनी सहज म्हटलं की मुद्दाम, यावर मी वीस वर्षं विचार केला आहे. रामलाल हा ओसरीतला सगळ्यांत जुना उमेदवार. वय तिशीचं, तीन मुलं, चार वर्षं बिनपगारी. स्वभावानं इतका चांगला की त्याचा राग करायचीही सोय नव्हती. "आप बेफिकर जा, बाबूजी," तो मला म्हणाला. "मी सांभाळतो ना सगळं." दुसऱ्या दिवशी त्याच्या हवाली कागद करायला गेलो तर त्यानं घरून एक छोटी गादी आणून माझ्या खुर्चीवर घातलेली. एका पंधरवड्यासाठी माणूस घरून गादी आणत नाही. ती बघितली आणि कागद त्याच्या हवाली करताना मी ते दोनदा मोजले.

जैनाबादचे ते दिवस आठवायचे तर सुखाचे म्हणूनच आठवायला हवेत. सकाळी ऊन अंगणात यायचं. सासूबाई ओला हरभरा डहाळ्यासकट भाजायच्या आणि तोंडं काळी करून आम्ही तो खायचो. तुरीच्या शेंगा उकडलेल्या, बाजरीची भाकरी, वर लोण्याचा गोळा. यमुनेला कितीतरी महिन्यांनी झोप लागायला लागली होती. मधूनच ती दारातून डोकवायची, मी बाजेवर बसलेला दिसलो की विचारायची, "हाय ना?" मी म्हणायचो, "आहे." मग ती हसून आत जायची. लग्नाला पाच वर्षं झाली होती, पण ती माझ्यावर इतकी खूश मी कधी पाहिली नव्हती.

आणि मी? मी भीत होतो. धुकं असलं की नदीवरून आवाज फार लांब येतो. कचेरीचे दहाचे ठोके जैनाबादच्या अंगणात स्पष्ट ऐकू यायचे. पहिल्या ठोक्याला माझे हात जोडे शोधू लागायचे. दहाव्या ठोक्याला रामलाल त्या गादीवर टेकलेला मला डोळ्यांपुढे दिसायचा. मग दिवसभर मी मनातल्या मनात त्याच्या अक्षराचं वळण काढत बसायचो. यमुनेची काळजी मला नव्हती असं नाही. तिच्या चेहऱ्यावर जरा कळ उमटली की मी बाजेवरून उठायचो. पण दोन भीती एकाच वेळी मनात असल्या की त्यातली कोणती मोठी हे माणसाला आतून कळतं, आणि मला कळलं होतं. त्याची मला लाज वाटायची. लाजेनं भीती काही कमी होत नाही.

सहाव्या दिवशी पहाटे तिला कळा सुरू झाल्या. सुईण आली, पोट चाचपून म्हणाली, "अजून लई येळ हाय. दिवस कलंडेल." मी अंगणात बाजेवर बसलो. यमुनेनं आतून विचारलं, "हाय ना?" मी म्हटलं, "आहे."

आणि मग दहाचे ठोके पडले.

मी हिशेब केला तो असा. नावेनं पलीकडे जायचं, कचेरीसमोरच्या लिंबाखालून नुसतं खिडकीतून बघायचं, आणि परत. तासा-दीड तासात येणं. सुईण तर दिवस कलंडेल म्हणते. मेहुणा भगवान गोठ्यापाशी उभा होता. त्याला म्हटलं, "कचेरीत एक चक्कर टाकून येतो." तो माझ्याकडे बघत राहिला, पण जावयाला अडवायचं कसं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

लिंबाखाली मी पाच मिनिटंही उभा राहिलो नसेन. गोविंदरावांनी खिडकीतून बघितलं. "अरे, या, या!" ते मोठ्यानं म्हणाले, आणि सगळ्या कचेरीला ऐकू जाईल असं, "बघा, माणूस रजेवर आहे, पण जीव इथं आहे! याला म्हणतात नोकरी." मग जवळ बोलावून म्हणाले, "आलाच आहात तर एक काम करा. वाटणीपत्राची नक्कल साहेबांना दुपारी पाहिजे. त्यांना तुमचंच अक्षर लागतं."

तुमचंच अक्षर लागतं. सहा दिवसांत मला पहिल्यांदा पोटभर श्वास घेता आला. रामलाल उठला. त्यानं गादी उचलली, काखेत धरली आणि ओसरीत गेला. मी खुर्चीत बसलो. लाकूड त्याच्या अंगानं गरम होतं.

बायकोला कळा लागल्या आहेत, हे मी गोविंदरावांना सांगितलं नाही. वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. लोकांना वाटेल, सांगायची हिंमत झाली नाही. तसं नाही. सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, जा, आधी जा. ते काही दगडाचे नव्हते. मी सांगितलं नाही कारण मला जायचं नव्हतं.

दोन भावांच्या शेताच्या वाटणीचा तो कागद. पूर्वेस नाला, पश्चिमेस आंब्याचे झाड, दक्षिणेस गाडीवाट. तो मला अजून तोंडपाठ आहे. पहिल्या मुलाच्या जन्माची तिथी विचाराल तर अडखळेन, पण आंब्याचं झाड कोणत्या दिशेला ते झोपेतही सांगेन. चौदा पानं होती. एकही खाडाखोड नाही. मी इतका सुखात होतो की जेवायची आठवण झाली नाही.

शेवटच्या पानावर शाई सुकायला वाळू टाकून मान वर केली तेव्हा खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं होतं. तिथं मला जी भीती वाटली, तशी त्याआधी कधी वाटली नव्हती. मी घाटाकडे धावत सुटलो. नाव पलीकडच्या काठाला होती. नावाडी कापसाचं गाठोडं घेतलेल्या दोघांशी भाड्यावरून घासाघीस करत होता आणि मी या काठावरून वेड्यासारखे हात हलवत होतो. ती नाव येईपर्यंत मी देवाला काय काय कबूल केलं, ते सांगत नाही. त्यातलं एकही पुढं पाळलं नाही.

अंगणात बायका डोक्यावर पदर घेऊन बसल्या होत्या. भिंतीपाशी रक्तानं भरलेली लुगडी पडली होती. मी दारातच खाली बसलो. मग आतून एक बारीक रडणं ऐकू आलं. सुभद्रा. आई वाचेल की नाही हे सुईणीनं रात्र जाईपर्यंत सांगितलं नाही, आणि पहाटे म्हणाली, "वाचली."

सकाळी भगवान मला गोठ्याच्या आड घेऊन गेला. तो माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"ताई तुमाले हाका मारत व्हती, दाजी. मी म्हणलं, हाय, अंगणात बसले हाय. दर टाइमाले मी तेच सांगलं. चार घंटे सांगत राह्यलो." त्यानं बाहीनं नाक पुसलं. "मंग ती म्हणे, बसले हाय तं बोलत का नाही?"

दुपारी मला आत जाऊ दिलं. यमुनेच्या तोंडावर रंग नव्हता. पोरगी तिच्या कुशीत होती. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर तीच म्हणाली, अगदी हळू, "झालं का काम?"

मी "हो" म्हटलं.

त्यानंतर ती त्या दिवसाबद्दल कधी बोलली नाही. उलट शेजारणींना, नणंदांना ती सांगत आली आहे, "माझ्या टाइमाले यांनी रजा काढली व्हती. साऱ्या कचेरीत पहिले." बायका कौतुकानं माझ्याकडे बघतात. सुभद्रेनं लहानपणी कितीदा विचारलं, "मी झाले तेव्हा बाबा होते?" आणि यमुनेनं दर वेळी सांगितलं, "होते." त्या शब्दापाशी मी दर वेळी काहीतरी निमित्त काढून उठायचो. गोविंदराव वारले, रामलाललाही पुढं दुसरीकडे खुर्ची मिळाली, नोकरीची धास्ती केव्हाच सरली. आता मी भितो ते बायकोला. वीस वर्षं मी तिच्या पुढच्या वाक्याची वाट बघतो आहे.

आणि आता मीच बडे बाबू आहे. मागच्या आठवड्यात एक तरुण कारकून मेजापाशी आला, दोनदा शाई मागून गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा मी विचारलं, "कुणी आजारी आहे का घरी?" हे मीच विचारलं, माझ्याच तोंडानं. त्याला रजा दिली. पण जाताना त्यानं आपल्या खुर्चीकडे वळून बघितलं, आणि मी त्याला "निर्धास्त जा" असं म्हणू शकलो असतो, ते म्हटलं नाही.

परवा सकाळी सुभद्रेला कळा सुरू झाल्या. दोन्ही जीव सुखरूप आहेत, हे आधीच सांगून टाकतो, उगाच कुणाला धाकात ठेवायला नको. जावईबापू खंडव्याला कोर्टात कारकून आहेत, चार दिवसांची रजा काढून आलेले. आमच्या इथल्या घराच्या अंगणात आम्ही दोघं बाजेवर बसलो होतो. ते सारखे उठत होते, बसत होते. नऊ वाजून गेले असतील. शेवटी ते म्हणाले, "जरा तारघरात जाऊन येतो. एक फाईल राहिलीय, साहेबांना कळवून टाकतो. आत्ता येतो."

यमुना गरम पाण्याचा हंडा घेऊन दारात आली होती. तिनं तो खाली ठेवला.

"बसा, जावईबापू," ती म्हणाली. आवाज चढला नाही, चेहराही बदलला नाही. "आतून हाक आली का ओ द्यायची. माझ्या टाइमाले मी लई हाका मारल्या. कोणी ओ दिली नाही."

जावईबापूंनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. वीस वर्षं ज्या वाक्याला भीत होतो ते आलं होतं, आणि ते सांगून ती हंडा उचलून आत निघूनही गेली होती.

थोड्या वेळानं आतून सुभद्रेनं हाक मारली. आईला मारली, नवऱ्याला मारली, नुसतीच मारली, कळलं नाही. जावईबापू तोंड उघडणार, त्याच्या आधीच मी उठून उभा राहिलो आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ओ दिली.